केसपेपरच्या खिडकीपुढचे दोन सोमवार

ते साल एकोणीसशे सत्याऐंशी. मी बेचाळीस वर्षांची होते, सरकारी इस्पितळात मोठी सिस्टर होते, आणि विद्यापीठाने नव्याने काढलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तुकडीत मला प्रवेश मिळाला होता. आरोग्य धोरण आणि रुग्णालय व्यवस्थापन. एवढं लांबलचक नाव मी घरी येईपर्यंत बसमध्ये मनातल्या मनात घोकत होते.

"लागलं!" मी दारातूनच ओरडले.

"काय लागलं? बघू, रक्त आलंय का?" म्हणत आमचे हे धावत आले. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे; हातावर पांढरी पूड घेऊनच घरी यायचे.

"अहो, नाव लागलं माझं!"

आमची लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ती आतून म्हणाली, "आई, आता तू नापास झालीस तर मी रागवणार हं. इतक्या वर्षांचं साठलंय माझं."

राहिली होती फक्त अभ्यासरजा. ती मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आमच्या इस्पितळाच्या अधीक्षकांच्या हातात होती. साहेब माणूस वाईट नव्हता, पण उन्हाळ्यातही कोट घालायचा आणि कुणाचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"रजा देतो," साहेब म्हणाले. "पण सिस्टर, तुम्ही व्यवस्थापन शिकणार ना? मग माझ्या बाह्यरुग्ण विभागातला गोंधळ निस्तरून दाखवा. पहिल्या सत्रातच. जमलं तर खुशाल पुढे शिका. नाही जमलं तर रजा रद्द, दुसऱ्या दिवशी वॉर्डात हजर."

आणि पुढच्या वर्षी मी प्रवेशाच्या वयात बसणार नव्हते. म्हणजे हुकलं की कायमचं हुकलं.

तरी मला भीती वाटली नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मला कशाचीच भीती वाटत नव्हती. वर्गात जाऊन बाकावर बसायचं, कोऱ्या वहीचं पान उघडायचं, आणि आमच्या प्राध्यापकबाई फळ्यावर रांगांच्या आकृत्या काढायला लागल्या की अंगावर काटा यायचा. वीस वर्षं ज्या गर्दीतून मी कोपराने वाट काढत होते, तिचंही शास्त्र असतं! बाई म्हणायच्या, "गर्दी दिसली की आधी विचारा, यातली किती माणसं इथे असायलाच नकोत?" मी ते वाक्य घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. स्वयंपाकघरात तिघं एकदम उभे असलो की हे विचारायला लागले, "यातलं कोण इथे असायला नको?"

माझ्या गटात एक सर्जन होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "चला चला" म्हणायचे, म्हणून त्यांना सगळा वर्ग चलाचला डॉक्टर म्हणायचा. आम्ही दोघांनी मिळून इस्पितळासाठी योजना आखली. तेव्हा आमच्याकडे सगळे पेशंट केसपेपर काढून जनरल औषधोपचाराच्या दारापुढे उभे राहायचे. नंबर लागला की आतला डॉक्टर म्हणायचा, हे हाडांचं आहे, पलीकडे जा. की पलीकडे पुन्हा रांग. आम्ही ठरवलं, केसपेपरच्या खिडकीवरच विभागाप्रमाणे रंगीत बिल्ला द्यायचा. लाल औषधोपचाराचा, हिरवा हाडांचा, निळा डोळ्यांचा. ज्याने त्याने आपल्या रंगाच्या दाराशी जायचं. संपलं.

वर्गातले बाक हलवून आम्ही त्याची तालीम घेतली. वर्गबंधू पेशंट झाले. चलाचला डॉक्टर पोट धरून विव्हळत खिडकीशी आले आणि म्हणाले, "सर्जरी! पित्ताशय! चला चला!" बिल्ला मिळाला, गेले. दुसरा आला, "अस्थिरोग, डावा गुडघा." गेला. सगळं सुतासारखं सरळ. बाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारी प्रत्यक्ष इस्पितळात मात्र आमचा फज्जा उडाला.

खिडकीवरचा कारकून विचारायचा, "कुठला विभाग?" आणि समोरून उत्तर यायचं, "ते मला कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो?" कुणी म्हणायचं, "मोठ्या डॉक्टरांचा द्या." कुणी, "शेजारणीला हिरवा दिलात, मला लाल का? ती काय पैपाहुणी आहे तुमची?" थोड्या वेळातच लाल बिल्ले संपले, औषधोपचाराच्या दाराशी पहिल्यापेक्षा मोठी झुंबड उडाली, आणि डोळ्यांचा डॉक्टर दारात उभा राहून लोकांना हाका मारू लागला. साहेब जिन्यावरून बघत होते. खाली येऊन एवढंच म्हणाले, "आणखी एक सोमवार देतो. नंतर पांढरा गणवेश इस्त्री करून ठेवा."

जेवताना मी सगळं घरी सांगितलं. चलाचला डॉक्टर पित्ताशय म्हणत कसे आले ते सांगितलं, तशी लेक ठसका लागेपर्यंत हसली.

"आई, पोट दुखणारा माणूस निदान सोबत घेऊन येतो होय गं? तुमचे पेशंट फारच शिकलेले होते!"

मी घास हातातच धरून बसले. आम्ही सगळे डॉक्टर, सिस्टर, औषधवाले. आजारी पडायचं नाटकसुद्धा आम्हाला अडाण्यासारखं करता आलं नव्हतं! घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं आणि मला इतका आनंद झाला की मी हातही न धुता वही आणायला उठले.

"अगं जेव आधी," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गणवेश चढवून खिडकीच्या अलीकडे उभी राहिले. विभाग विचारायचाच नाही. म्हणायचं, "दुखतंय तिथे बोट ठेवा." बोट गुडघ्यावर गेलं की हिरवा. डोळ्यावर गेलं की निळा. एका आजींना म्हटलं, "बोट ठेवा आजी," तर त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेवर ठेवलं. रांग खदखदून हसली, सूनसुद्धा. पण दुपारी हॉल मोकळा झाला. मी धावत साहेबांकडे गेले.

साहेबांनी मान हलवली. "ही कमाल तुमची आहे, सिस्टर. वीस वर्षांच्या अनुभवाची. तुम्ही वर्गात गेल्यावर काय? मी रोज तुम्हाला कुठून आणू?"

मला आधी रागच आला. मग कळलं की बाई वर्षभर शिकवणार होत्या ते हेच, की एका माणसावाचून अडेल ती व्यवस्थाच नव्हे.

"म्हणून येत्या सोमवारी तुम्ही माझ्या खोलीत बसायचं," साहेब म्हणाले. "खाली पाऊल टाकायचं नाही."

मग काय, उरलेले दिवस मी माझ्या हाताखालच्या सिस्टरच्या मागे लागले. ती ठेंगणी होती, सगळे तिला बुटकी म्हणत, आणि तिला ते आवडायचं. बुटकीला मी "दुखतंय तिथे बोट ठेवा" म्हणायला लावायची, तिच्याकडून दुसऱ्या दोघींना शिकवून घ्यायची. दोन ठिकाणी बोट ठेवलं तर? "आधी जास्त कुठे, ते विचारायचं." नुसता ताप असेल तर? "लाल." धाप लागली असेल, रक्त येत असेल तर? "बिल्ला नाही, रांग नाही, थेट आत." चलाचला डॉक्टर पेशंट होऊन यायचे आणि आता निदान सांगायचं नाही म्हणून ओठ गच्च दाबून धरायचे.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत बसले. चहा आला, तो गार झाला. खाली हॉल होता आणि मला दिसत फक्त समोरची भिंत होती. मी कान लावून बसले. एरवी या वेळेला हॉलमधून पोळं उठल्यासारखा आवाज यायचा. आज काहीच नव्हतं. बुटकी घाबरून पळाली की काय? की खिडकीच उघडली नाही?

साहेबही फायलीतून मान वर करून ऐकत होते. "आज लोक आलेच नाहीत वाटतं," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मी खुर्चीच्या कडेवर. दिलेला शब्द पाळायचा म्हणून पायांवर पाय दाबून धरले होते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. साहेबांच्या कोटाच्या कॉलरला निळा बिल्ला लावलेला होता.

"मी खिडकीशी विचारायला गेलो, काय चाललंय म्हणून," ते म्हणाले. "ती बुटकी मला म्हणते, रांगेतून या, आणि दुखतंय तिथे बोट ठेवा. मी चष्मा पुसत होतो, तर डोळ्यांकडे पाठवलं! सगळी बाकं भरलीत, सिस्टर. माणसं तेवढीच आहेत. फक्त बसलीत."

"मग साहेब, माझी रजा?"

"तुमचा दुपारचा वर्ग असतो ना? मग इथे काय करताय? निघा!"

मी जिना उतरले तो दोन-दोन पायऱ्या गाळत. बेचाळीस वर्षांची बाई! हॉलमधून जाताना बुटकीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्यापुढे एक गृहस्थ कानावर बोट ठेवून उभे होते. फाटकाबाहेर चलाचला डॉक्टर गाडी सुरू ठेवून बसले होते. "पास? चला चला!"

मी दोन वर्षांत पदवी घेतली. लेकीला रागवायची संधी मिळाली नाही. पुढे विद्यापीठाच्या त्याच विभागात मी बाईंच्या हाताखाली शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवलं. बुटकी आमच्या इस्पितळाची मेट्रन झाली. तिच्या खुर्चीखाली पाय टेकायला लाकडी फळी असायची. चलाचला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सोडली आणि आरोग्य खात्यात गेले. तिथे फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिने लागतात म्हणून त्यांची फार चिडचिड व्हायची. साहेब निवृत्तीनंतर दरवर्षी माझ्या वर्गात एक व्याख्यान द्यायला यायचे, कोट घालून, आणि मुलांचं कुठलंच म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करायचे नाहीत. लेक संख्याशास्त्र शिकवते, दूर असते, रविवारी फोन करते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत माझे चष्मे त्यांनीच केले. आता आहे तो डाव्या कानाला जरा टोचतो, पण मी तो बदललेला नाही.