गुरुवारची फुलं

सलग सोळा दिवस पाऊस लागला होता. व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात माणसाने हाताने पराग टेकवून त्याचं लग्न लावून दिलं, तरच शेंग धरते, आणि भिजलेल्या फुलाचं लग्न लागत नाही. सोळा दिवसांची फुलं अशीच गळाली. घोसांत आता शेवटच्या कळ्या उरल्या होत्या. त्यांच्या शेंगांवर माझ्या लेकीची, सुआझाराची, साम्बावाच्या सुईणींच्या शाळेतली, पहिली फी ठरली होती.

पहाटे माळ जपून दार उघडलं, तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. उतारावरच्या आमच्या सगळ्या वेलींवर फिकट पिवळी-हिरवी फुलं. एकही कळी मागे राहिली नव्हती. मी हात जोडून तशीच उभी राहिले. मग आठवलं, आज गुरुवार.

नवऱ्याच्या घराण्यात गुरुवारी शेताला हात लावणं वर्ज्य आहे. त्यांच्या पूर्वजांनी घालून दिलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो नेम पाळते, ते गेल्यावरही.

धाकटे दीर बेझारा अंगणात आले. "वहिनी, पूर्वजांनी भाताच्या शेताबद्दल सांगितलंय. व्हॅनिला त्यांनी पाहिली तरी होती का? ती तर नंतर गलबतातून आली."

"पाहिली नव्हती, म्हणून सूट दिली असंही ते म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

"मग फुलांचं लग्न मी लावतो. दोष मला लागू दे."

"दोष घराला लागतो, भावोजी."

"तुमच्यापुढे पाद्रीसुद्धा हरेल," म्हणून ते पायरीवर बसले. शेजारच्यांना बोलवावं, तर त्यांचीही शेवटचीच फुलं होती. जो तो आपापल्या वेलींत शिरला होता.

आमच्याकडे दोन दिवसांपासून राजधानीच्या मियांगालीबाई उतरल्या होत्या, व्यापार खात्याच्या. परदेशी व्यापाऱ्यांना द्यायला आपल्या देशाच्या उद्योगांची माहिती लिहीत गावोगाव फिरत होत्या. लवंग, निकेल, नीलमणी, कोळंबी, कपड्यांचे कारखाने, सगळ्याची पानं त्यांच्या वहीत भरली होती. व्हॅनिलाचं तेवढं राहिलं होतं. त्या दारात उभ्या राहून आमचं बोलणं ऐकत होत्या.

"नेनी," त्या मला म्हणाल्या. आईला म्हणतात तसं, पहिल्यांदाच. "आमच्यात गुरुवारचं काही नाही. आमच्यात डुक्कर वर्ज्य आहे. मी केलं तर चालेल का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं गाव दादी म्हणतं. त्या चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "तिचे पूर्वज वेगळे. त्यांनी तिला अडवलं नाही, तर आपण कोण अडवणारे? पण पोरी, ते बूट काढ. वेली तुडवशील."

मी बाईंना लिंबाचा काटा दिला आणि शेताच्या कडेला पायवाटेवर उभी राहिले. "फूल डाव्या हातात. ओठ काट्याने हलकेच चिरायचा. आत पातळ पडदा आहे, तो वर उचला. आता अंगठ्याने वरचे पराग खाली दाबा. एवढंच."

त्यांनी पहिलं फूल फाडलं. दुसरंही. तिसऱ्याचं देठ हातात आलं.

"हळू, बाळाच्या पापणीला हात लावतो तसं," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

माझा आवाज तिथवर पोहोचत नव्हता. बेझारा उठले आणि माझं प्रत्येक वाक्य शेताला ऐकू जाईल असं ओरडून सांगू लागले. "बाळाची पापणी म्हणतायत वहिनी! तुम्ही शिक्का मारताय!"

बाई हसल्या. हसताना हात सैल सुटला, आणि तिसाव्या की एकतिसाव्या फुलाला कुठे ते काम जमलं. वाकलेली पाठ, कपाळावरून घाम, काट्याचं टोक, अंगठा, पुढचं फूल. मी पायवाटेवरून त्यांच्याबरोबर ओळीओळीने चालत होते. वीस वर्षं हे काम केलं, पण दुसऱ्याच्या हातून होताना असं कधी पाहिलं नव्हतं. आपला अंगठा फुलाला झाकतो. आज दिसलं, पडदा उचलला जातो तेव्हा पाकळी किंचित थरथरते.

सूर्य डोक्यावर आला तशी फुलं मिटू लागली. बाई चिखलातच बसल्या.

"तीनशे बारा," त्या म्हणाल्या. मोजायची सवयच त्यांना. "नेनी, तुम्ही दिवसाला किती करता?"

"हजाराच्या वर."

"आणि हे करणारा किडा एकही नाही इथे?"

"नाही. वेल आली, तिचा किडा तिकडेच राहिला."

त्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "मी लिहून ठेवलंय, जगातली निम्म्याहून जास्त व्हॅनिला आपण पाठवतो. मग तेवढ्या सगळ्या शेंगा..." त्यांनी समोरच्या डोंगरांकडे पाहिलं. मीही. हा हिशेब मीही कधी केला नव्हता. डोंगरामागचा डोंगर, त्यामागचा डोंगर, आणि प्रत्येक फुलावर कोणाचा तरी अंगठा. मी क्रूसाची खूण केली.

शुक्रवारी उजाडताच आम्ही दोघी शेतात गेलो. लग्न लागलेलं फूल सुकतं, पण देठाला धरून राहतं. न लागलेलं नुसत्या बोटाने पडतं. बाई हात पुढे करीनात.

"तुम्हीच बघा, नेनी. माझ्याने पडलं तर..."

"पडायचं असेल तर माझ्यानेही पडेल."

मी पहिल्याला बोट लावलं. पडलं. पुढचं पडलं. त्यापुढचंही. ती सुरुवातीची फाडलेली होती, हे ठाऊक असूनही मी पडलेली मोजू लागले. मग एक आलं. बोट लावलं, ते हललं आणि राहिलं. त्यामागचं देठ कालच्यापेक्षा जाड वाटत होतं, हिरवं, ताठ. पुढचं राहिलं. त्याच्या पुढचंही.

बाईंनी हळूच आपलं बोट पुढे केलं. मग दोघी दोन बाजूंनी चालत राहिलो. बेझारा कुंपणापाशी उभे होते. आज त्यांनी एकदाही थट्टा केली नाही. ओळ संपली तेव्हा सुकलेली, तरी घट्ट बसलेली, दोनशे सत्तर फुलं झाली होती, पहिल्या फीला पुरतील एवढी.

घरी येऊन मी सुआझाराला म्हटलं, "शाळेचा अर्ज भर. बाई साम्बावावरूनच जाणार आहेत, त्यांच्या हाती दे."

"नक्की, नेनी?"

"नक्की. अक्षर नीट काढ."