मारुतीपासून अर्धा किलोमीटर

आमच्या ग्रामपंचायतीत संगणकावर बसते ती मी, निकिता. लोकांचं मत मोबाईलवर घ्या, असं तालुक्याहून पत्र आलं, तेव्हा समोर तीन सोयी होत्या. व्हॉट्सॲपचा ग्रुप सरपंच उमाशंकररावांनी पहिल्याच फटक्यात उडवला. मागच्या ग्रुपवर कुणीतरी रोज तुंबलेल्या नालीचा फोटो टाकायचं. दुसरी सोय फोन लावून आपल्या तोंडानं गाऱ्हाणं सांगायची. मला तीच पसंत होती, कारण वाचता न येणाऱ्या बाया गावात पुष्कळ, पण बोलता न येणारी एकही नाही. ग्रामसेवक रणधीर भाऊसाहेब म्हणाले, “नको रे बाबा, कडूबाई एकटीच दिवसभर बोलंल.” झालं, तिसरी सोय ठरली, ॲपची.

कडूबाई म्हणजे माळावरच्या धनगरवस्तीची म्हातारी. वस्तीत पंधरा घरं आणि एक हापसा, तोही उन्हाळ्यात नुसता खडखडतो. सहा वर्षं ती ग्रामसभेत उभी राहून नळ मागते आणि सहा वर्षं तिला “बघू” मिळतं. सरपंचांना यंदा वेशीवर कमान हवी होती. म्हणून ठराव झाला: कमान की वस्तीचा नळ, ॲपवर ज्याला जास्त मतं, ते काम पहिलं. खाली सरपंचांनी झोकात सही ठोकली.

ॲपमध्ये गावाची हद्द आखायची होती. मत त्या हद्दीत उभं राहूनच टाकता येणार होतं. भाऊसाहेबांनी मारुतीच्या देवळावर बोट ठेवलं, भोवती अर्ध्या किलोमीटरचं रिंगण ओढलं आणि चहा मागवला. वस्ती गावापासून दोन किलोमीटर. चाचणीच्या दिवशी कडूबाईच्या सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, घरून बटण दाबलं तर उत्तर आलं: ‘आपण या गावाच्या हद्दीत नाही.’

कडूबाई तरातरा पंचायतीत आली. “व्हय हो सरपंच, इलेक्शनला आमी गावचे आन् नळाला परगावचे?”

“यंत्रानं सांगितलं, मावशी. आमी काय करावं?” सरपंच इतके हळहळले की आता डोळे पुसतात की काय, असं मला वाटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ते गेल्यावर कडूबाई माझ्या पडद्यापाशी आली. “कुठपोत्तर हाय गं आपलं गाव?”

मी रिंगण दाखवलं.

“मधी कोण हाय?”

“मारुती.”

“आन् मत कवा टाकायचं?”

तारीख सरपंचांनीच धरली होती. वेळ अमावस्येचा सण, म्हणजे आमची येळवस, सकाळी दहा ते दुपारी चार. त्या दिवशी आमच्याकडं सगळी गावं रानात जेवतात. यंदा अख्ख्या गावाला आपल्या मळ्यात बोलवायचं, आंबील-भज्जी पोटभर वाढायची आणि ढेकर आली की कमानीचं बटण दाबून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. मळा गावापासून तीन किलोमीटर. मला ते दिसत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

“येळवशीला गावात कुत्रंबी नसतंय,” कडूबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

येळवशीला मीही मळ्यात जेवले. खोटं कशाला बोला, भज्जी झकास होती. साडेतीनला सरपंचांनी आरोळी दिली, “काढा रं मोबाईल!” दीडेकशे मोबाईल निघाले आणि दीडेकशे जणांना यंत्रानं एकच सांगितलं: आपण या गावाच्या हद्दीत नाही.

“सात पिढ्या गेल्या हितं, आन् आमी परगावचे?” गावातले म्हातारे हरिबाआप्पा तणतणले.

“गावात चला! लवकर!” सरपंच ओरडले. पण चार-चार तांबे आंबील पिऊन कडब्याच्या कोपीत आडवा झालेला माणूस कमानीसाठी उठत नसतो. दोघं हलले, ते कूस बदलायला. शेवटी सरपंच एकटेच मोटारसायकलवर सुटले आणि त्यांच्या मागं माझी स्कुटी.

देवळाच्या पारावर अख्खी धनगरवस्ती बसली होती. म्हातारे, लेकरं, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. कडूबाईनं येळवस तिथंच मांडली होती. चारला तीन मिनिटं असताना सरपंचांनी घाम पुसत आपलं मत टाकलं. चारला निकाल लागला: नळ एकतीस, कमान एक. मी बघेपर्यंत तो आपोआप तालुक्याला गेलाही होता.

“ही फसवणूक हाय!”

“यंत्रानं सांगितलं, सरपंच,” कडूबाई हुबेहूब त्यांच्यासारखी हळहळली. “आमी काय करावं?”

मी देवळाच्या मागं जाऊन पोट धरून हसले. परत आले तेव्हा ती त्यांच्या हातात आंबिलीचा गिलास देत होती.

“घ्या, दमलाव तुमी. आमच्या हापशाच्या पाण्याची हाय, जरा मचूळ लागंल.”

सणाची आंबील, नाही म्हणता येईना. सरपंचांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण तो गिळला. मग ते गिलासाकडं बघत उभे राहिले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कडूबाईला “बघू” म्हणाले नाहीत.