वारा शेवटी

वहिनीने रेडिओ बंद केला आणि वेधशाळेच्या हातातला घास हातातच राहिला.

वेधशाळा म्हणजे वहिनीची नणंद. बंदराच्या हवामान कार्यालयात ती नोकरीला लागली, तेव्हापासून मोठ्या भावाने तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही. ‘वेधशाळेनं छत्री घेतलीय का बघ, घेतली असेल तर बिनधास्त कपडे वाळत घाल,’ हा त्याचा ठेवणीतला विनोद. तो इतक्यांदा करून झाला होता की घरात आता त्यावर फक्त तो एकटाच हसायचा. ती मात्र अकरा वर्षं इमानेइतबारे समुद्राचा अंदाज लिहीत होती आणि माईकपुढे बसून वाचतही होती. आज रविवार, तिची सुटी, म्हणून भावाकडे जेवायला आली होती. अंदाज तिचा सहकारी वाचत होता. ‘वारा मंद, दक्षिणेकडून,’ एवढं झालं आणि वहिनीने खटका खाली केला.

“संपलं नाही अजून,” ती म्हणाली.

“वारा झाला की,” वहिनी म्हणाली. “पुढं काय असतं?”

“पुढं आभाळ असतं. किती लांबचं दिसेल ते असतं. मग लाटा असतात.”

“लाटापण सांगता तुम्ही?” वहिनीला खरोखरच नवल वाटलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

दादाने आमटीचा भुरका मारला. तो बंदरातला सगळ्यांत जुना नावाडी. मासेमारीला त्याची होडी सुटली की बाकीच्यांचे दोर सुटायचे. “वारा कळला की लाटा कळल्याच,” तो म्हणाला. “वारा नाही तर लाट कुठली? ती काय आपल्या पायांनी चालत येते?”

“येते. लांब कुठं वादळ झालं की तिथून निघते आणि इथवर येते. इथं पानही हलत नसतं.”

“एवढ्या लांबून? मग वाटेत मुक्कामबिक्काम करत असेल.”

“दादा, धक्क्यावरही असंच करतात?”

“धक्क्यावर बर्फवाल्याच्या भोंग्यावर ऐकतो आम्ही. वारा झाला की तो बंद करतो. नाहीतर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.”

तिने ताट बाजूला सारलं. अकरा वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो, हे एखाद्याला जेवताना कळावं म्हणजे कमाल झाली. किती वेळा तिने लाटांचा आकडा पुन्हा पुन्हा तपासला होता, ‘सुमारे’ लिहू की ‘साधारण’ यावर डोकं शिणवलं होतं! आणि तो आकडा बर्फवाल्याच्या अंगठ्याखाली रोज चिरडला जात होता. तिला रडू येईल असं वाटलं. पण रडण्याऐवजी राग आला, आणि तो बरा होता.

सोमवारी सकाळी ती कार्यालयात पोचली तेव्हा खिडकीबाहेर समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत पडला होता. वर ढगाचा ठिपका नाही. बाकावर बसलेल्या शिपायाने तर शर्टाची वरची बटणं सोडून वर्तमानपत्राने वारा घ्यायला सुरुवात केली होती. तिने संगणक लावला. खोल समुद्रात नांगरून ठेवलेला एक तरंगता बोया दर तासाला लाटांचा निरोप पाठवतो, तो उघडला, आणि ती खुर्चीत पुढे सरकली.

लाटेची उंची काही भयंकर नव्हती. भयंकर होतं ते दोन लाटांमधलं अंतर. एक लाट गेल्यावर दुसरी यायला एरवी सहा-सात सेकंद लागतात; आज बोया अठरा सांगत होता. अशी सावकाश येणारी लाट खूप लांबून आलेली असते आणि समुद्रात खोलवर पसरलेली असते. मोकळ्या पाण्यात ती होडीला नुसती वर उचलते आणि खाली ठेवते. माणसाला पत्ताही लागत नाही. पण उथळ जागी आली की तळाला अडखळते आणि भिंतीसारखी उभी राहते. आणि या बंदराला खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा उंचवटा होता. प्रत्येक होडीला त्याच्यावरूनच बाहेर पडावं लागे. होड्या दुपारी ओहोटीबरोबर निघायच्या. पाणी बाहेर धावणार आणि या लाटा समोरून आत येणार. तिने वेळ मांडून पाहिली. दोन्ही गोष्टी नेमक्या एकाच वेळी, एकाच जागी भेटत होत्या. आणि तिथे सगळ्यांत पुढे दादा असणार होता.

तिने फोन लावला. दादा होडीवरच होता.

“वारा आहे का?” त्याने विचारलं.

“नाही. पण—”

“मग आभाळ फाटलंय का?”

“दादा, ऐकून तरी घे.”

“कालचं जेवणावरचं अजून डोक्यात आहे होय तुझ्या? शांत हो. संध्याकाळी बोलू.” फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला थोडे दिवस उरलेल्या माणसाला जेवढी भीती असते, तेवढीच त्यांना होती.

“सर, दुपारच्या अंदाजात मी क्रम बदलणार आहे. लाटा आधी, वारा शेवटी.”

साहेबांनी चष्मा काढला. “क्रम ठरलेला आहे. सगळ्या बंदरांत तोच आहे. वारा, आकाश, दृश्यमानता, लाटा. आपण मध्येच उलटं सुरू केलं तर वरून विचारणा होईल. आणि लाटा आपण सांगतो ना? नाही असं नाही.”

“सांगतो. ऐकत कुणी नाही. वारा झाला की बंद करतात.”

“ऐकणं त्यांचं काम.”

“बुडणंही त्यांचंच.”

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “तुमचे बंधू आहेत ना त्यात? त्यांना करा फोन. त्याला कोण नाही म्हणतंय?”

“केला. तो ऐकत नाही, तो भाग वेगळा. पण त्याने ऐकलं असतं तरी मी तुमच्याकडे आले असते, सर. बाकीच्यांच्या बहिणी इथं नोकरीला नाहीत.”

पंखा कुरकुरत राहिला. साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

“लेखी परवानगी मी देणार नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग मनाई तरी लेखी द्या.”

ते ऐकून साहेब खुर्चीतून उठलेच. दोन्ही कागदांवर सही त्यांचीच असणार होती, आणि सही म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. “मी चहाला चाललोय,” असं भिंतीवरच्या नकाशाला सांगून ते बाहेर पडले. ती माईकच्या खोलीकडे वळली तेव्हा शिपायाने वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं आणि उठून दार उघडून धरलं.

तिने एकही शब्द फुगवला नाही. ‘भीषण’ नाही, ‘तांडव’ नाही. असले शब्द एकदा वापरले की पुढच्या वेळी त्यांची किंमत राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाल दिवा लागला. तिने सरळ, रोजच्या आवाजात वाचलं:

“लाटा. आज दुपारच्या ओहोटीला खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतील. होड्यांनी बाहेर पडू नये. आभाळ स्वच्छ असेल, तरीही पडू नये. या लाटा लांबच्या वादळातून येत आहेत. इथल्या वाऱ्याशी त्यांचा संबंध नाही.” मग दृश्यमानता. मग आकाश. आणि अगदी शेवटी, “वारा मंद, दक्षिणेकडून.”

वाचून झाल्यावर ती उठली, सहकाऱ्याला जागा दिली आणि तडक धक्क्यावर निघाली.

होड्या जागेवर होत्या, पण इंजिनं सुरू होती. दादा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होता. त्याच्या मागे साऱ्या बंदराने माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

“काय गं वेधशाळे, वारा कुठं पळवलास?” दादा ओरडला. “बर्फवाला भोंग्याच्या खटक्यावर बोट ठेवून उभा. आता वारा येईल, मग येईल. बिचाऱ्याला सगळं ऐकावं लागलं. आम्हालापण.”

“मग थांबला का नाहीत?”

“थांबलोय की. इंजिन नुसतं गरम करतोय.” तो हसला, पण त्याचे डोळे खाडीच्या तोंडाकडे होते. तिथे पाणी सपाट होतं, उन्हात चकाकत होतं. “हे बघ. हे असं पाणी सोडून मी घरी बसू? उद्या लोक मला तोंडावर हसतील.”

“हसू देत. मला अकरा वर्षं हसतोयस, मी मेले का?” ती काठावर येऊन उभी राहिली. दोर बांधलेल्या खुंटावर तिने पाय ठेवला. “ओहोटी भरात येईपर्यंत थांब. तोवर काही झालं नाही तर हा दोर मी सोडते. आणि नोकरीही.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी हट्टाला पेटली की ती अशीच उभी राहायची, आणि तेव्हाही त्याला माघार घ्यावी लागायची. त्याने इंजिन बंद केलं नाही, पण तो खाली बसला.

बराच वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी खाकरलं. तिचा पाय खुंटावरच होता. मग सगळ्या होड्या एकदम हळूच वर उचलल्या गेल्या आणि खाली आल्या, आणि ताणलेले दोर करकरले. वाऱ्याची झुळूकही नव्हती. खाडीच्या तोंडाशी पाणी काळसर झालं, उभं राहिलं, वाढतच गेलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होऊन कोसळलं. आवाज धक्क्यापर्यंत यायला क्षणभर उशीर झाला. मागे दुसरी उभी होती. तिच्या मागे तिसरी.

एकामागून एक इंजिनं बंद झाली. सगळ्यांत आधी दादाचं झालं.

संध्याकाळी ती भावाकडेच जेवायला बसली. वहिनीने रेडिओ लावला. सहकाऱ्याचा आवाज आला: “वारा मंद, दक्षिणेकडून.” साहेब चहावरून परत आले होते तर! क्रम पुन्हा जुना झाला होता. तिची कानशिलं तापली. आणि वहिनीचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, खटक्याकडे गेला.

“राहू दे,” दादा म्हणाला.

हात थांबला. तिघांनी आभाळ ऐकलं, किती लांबचं दिसेल ते ऐकलं, आणि लाटा ऐकल्या, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. रेडिओ आपोआप गाण्यांवर गेला, तेव्हा दादाने तिच्या ताटात भात वाढला.

“सकाळी कोण वाचणार?” त्याने विचारलं.

“मी.”

“लाटा आधी?”

“लाटा आधी. साहेबांनी मनाई केली तर लेखी मागणार.”

“वाच मग,” दादा म्हणाला. “मी बर्फवाल्याला सांगून ठेवलंय. म्हटलं, भोंग्याला हात लावशील तर बोटं मोडीन.”