टाकीची पूजा

“हात धुतले होते का तू?” मॅनेजर कुलदीपनं पुन्हा विचारलं.

रुबिनानं दोन्ही हात त्याच्या टेबलावर पालथे ठेवले. स्पिरिटनं पुसून पुसून बोटांची कातडी पांढरी पडली होती. कुलदीप कॉम्प्युटरकडे बघत राहिला.

“मोठे साहेब येऊन राह्यले. मले त्याईले काहीतरी सांगाच लागन न.”

“मग खरं सांगा न सर. झाकण तुमीच उघडलं.”

कुलदीप उठला आणि त्यानं केबिनचं दार लावलं.

मलकापूरच्या बाहेर, जिथं पूर्वी उत्तमरावांचं कापसाचं जिनिंग होतं, तिथं आता त्यांचाच हा कारखाना आहे. मक्यापासून काढलेल्या साखरेवर टाकीत जीवाणू वाढवतात. या जीवाणूंच्या जनुकांत प्रयोगशाळेत बदल केलेला आहे. ते साखर खाऊन आम्ल बनवतात आणि त्या आम्लापासून दुसरीकडे प्लास्टिक तयार होतं. हा जीवाणू कामाला चांगला, भांडणाला कच्चा. बाहेरचा एखादा साधा जीवाणू आत शिरला, की तो भराभर वाढतो आणि याला उपाशी मारतो. म्हणून टाकीत जाणारी हवासुद्धा गाळून सोडतात. बी.एस्सी. झाल्यापासून रुबिना हीच राखण करत होती. घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

परवा खंडेनवमीला उत्तमराव घरच्यांना घेऊन पूजेला आले होते. पंपांना, कॉम्प्रेसरला, वजनकाट्याला हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. टाकीपाशी आल्यावर ते थांबले. “देवाचं पानी भाईरून शिंपडून का होते? आत गेलं पायजे.”

“चालू बॅच हाय साहेब, उघडता येत नाई,” रुबिना म्हणाली होती. उत्तमरावांनी ऐकलंही असतं. त्यांनी विचारल्यासारखं कुलदीपकडे पाहिलं होतं. पण कुलदीप हसला, “थोड्याशानं का होते साहेब,” म्हणाला, दाब सोडून शिडीवर चढला आणि त्यानं स्वतःच्या हातानं वरचं झाकण उघडलं. अर्धा कलश आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेतली पुष्पांजली मोबाइलवर शूटिंग करत होती.

आज सकाळी टाकीतून नासक्या भातासारखा वास आला. आम्ल बनणं थांबलं होतं.

“हे पाह्य,” कुलदीप आता समजुतीच्या सुरात म्हणाला, “तू म्हण, नमुना घेताना माह्या हातून चुकलं. तुले काढणार नाईत, जबाबदारी माह्यी. एक चूक कोणालेबी माफ असते.”

“अन् पूजेचं?”

“पूजेचं नाव काढू नको. कोणीच काढू नये. अन् तू त बिलकुल नको.” त्याचा आवाज खाली आला. “तुह्याच भल्याचं सांगून राह्यलो.”

रुबिना बाहेर आली. पूजेच्या पाण्यानं टाकी नासली, हे वाक्य कुलदीप बोलला असता तर फार तर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. ती बोलली, की संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर ते वेगळंच होऊन पोहोचणार होतं. खरं काय ते माहीत असून ते आपल्या तोंडून निघालं की त्याचं खरेपण जातं, याचा तिला इतका संताप आला की शिडीचा लोखंडी दांडा तिनं मुठीत आवळून धरला.

तिनं वडिलांना फोन लावला. कादर उभा जन्म उत्तमरावांच्या जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करत होते.

“अब्बा, माफी मागायले लावून राह्यले.”

सगळं ऐकून कादर म्हणाले, “खंडेनवमीले नारळ मीच फोडून द्याचो बेटा. मशीनवर पानी पडलं त फडक्यानं पुसून टाकाचो.”

“हे पुसता येत नाई न अब्बा.”

“ते मले समजलं. गावाले कोन समजावन? दुसऱ्या कोणाले बोलू दे. तू नको बोलू.”

दुसरं कोणी म्हणजे पुष्पांजली. सूक्ष्मदर्शकाखाली तिनंच पाहिलं होतं: टाकीतल्या आखूड कांड्यांसारख्या जीवाणूंमध्ये बाहेरून आलेल्या गोल दाण्यांसारख्या जीवाणूंच्या माळाच माळा. रुबिना प्रयोगशाळेत गेली तेव्हा ती डबा खात होती.

“पुष्पा, तू सांग साहेबाईले. तुह्या तोंडून चालते.”

“मले काऊन मधात घेते व?”

“तुह्या मोबाइलात हाय सारं.”

“डिलीट केलं.” पुष्पांजलीनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. “एकदा सॉरी म्हणून मोकळी हो न. काढत त नाईत तुले.”

“मी नाई केलं ते.”

“माईत हाय व मले!” पुष्पांजली चिडून म्हणाली. “साऱ्याईले माईत हाय.”

दुपारी उत्तमराव आले. नाकाला रुमाल लावून टाकीसमोर उभे राहिले. “काऊन नासलं हे?”

“साहेब, नमुना घेताना रुबिनाकडून जरा...”

“नाई साहेब,” रुबिना म्हणाली. “वरचं झाकण उघडलं तवा झालं.”

उत्तमरावांनी रुमाल खाली घेतला. “म्हणजे माह्या पान्यानं?”

पंपाजवळची माणसं होती तिथंच थांबली. कुलदीपनं डोळ्यांनी नको म्हटलं.

“उकळेल होतं का साहेब ते?”

“कलशातलं पानी कोणी उकळते का?” उत्तमरावांचा आवाज चढला. “देवापुढचं पानी घाण होतं म्हणते का तू?”

“घाण नव्हतं साहेब. जिवंत होतं.” रुबिना म्हणाली. “म्या माह्या घरचं पानी टाकलं असतं तरी हेच झालं असतं. कोणतंबी पानी टाकलं असतं तरी.”

उत्तमराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपनं मान खाली घातली. त्या मानेवरून त्यांना सगळं कळलं, आणि त्यांना ते कळलं हे रुबिनाला कळलं. एक क्षण तिला वाटलं, आता ते बोलतील.

“कादरची पोरगी न तू?”

“हाव.”

“कादर कधी असं नाई बोलला.”

“अब्बाले कोणी इचारलंच नाई साहेब.”

उत्तमरावांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. “उद्यापासून हिले पॅकिंगले टाका,” ते कुलदीपला म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर कुलदीप घाईनं म्हणाला, “खालचा व्हॉल्व्ह खोल अन् सोडून दे सारं नाल्यात. वासानं डोकं उठलं.”

“वाफ दिल्याबिगर नाई. आपले जीवाणू अजून हायेत याच्यात. बदललेले हायेत ते, जिते भाईर जाऊ द्याचे नाईत.”

“आता तुह्यं का राह्यलं इथं?”

“शिफ्ट संपेपर्यंत माह्यंच हाय.”

तिनं वाफ सोडली. नळ्या धडधडल्या. तापमानाचा काटा हळूहळू चढू लागला. कुलदीप थोडा वेळ उभा राहिला आणि केबिनमध्ये गेला. बाकीची माणसंही एकेक करून बाजूला झाली, तिच्याकडे न बघता. पोत्यांना शिलाई मारायची पॅकिंगची पत्र्याची शेड इथून दिसत होती. तिनं तिकडे पाहिलं नाही.

पुष्पांजली चहाचा कप घेऊन आली. “रुबिना, चहा.”

रुबिनाची नजर काट्यावर होती. तो खूण केलेल्या जागी येऊन थांबला होता, आणि आतलं सगळं मरेपर्यंत तो तिथंच थांबायला हवा होता.

पुष्पांजलीनं कप शिडीच्या पायरीवर ठेवला. जरा वेळ थांबली, मग गेली. वाफेच्या उष्म्यात रुबिनाची ओढणी भिजून मानेला चिकटली होती. एक हात व्हॉल्व्हवर ठेवून ती उभी होती. पायरीवरच्या चहावर हळूहळू साय धरली.