न दिसणाऱ्याचा चौथा हिस्सा

माझी पद्धत अशी: घरात शिरायचं, हात मागे बांधायचे, एकच फेरी मारायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. जिना उतरून खाली आलं की खर्चाचा आकडा सांगायचा. त्यावर त्याच आकड्याचा चौथा हिस्सा चढवायचा. गिऱ्हाईक विचारतंच, हे कशाचे? मी सांगतो, जे दिसत नाही त्याचे. भिंतीच्या पोटात काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडल्यावर कळलं की गिऱ्हाईक माझा गळा धरतं. तीस वर्षं रंगकाम आणि डागडुजी करतोय, हा चौथा हिस्सा कुणाला सोडलेला नाही. सख्ख्या सासऱ्यालाही नाही.

छोटी माझी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, तरी घरात छोटीच. तयार कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंग केलं, गेल्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं आणि तिच्या हातात एकरकमी पैसे आले. लग्न केलं नाही, माझ्याकडेच राहते. माझी बायको तिला कधी वाकडा शब्द बोलत नाही. पण चहात साखर घालताना छोटी अर्धा चमचा परत डब्यात टाकते, ते मी बघतो आणि माझा जीव तुटतो. तिला एक लहानसं घर घेऊन भाड्याने द्यायचं होतं. महिन्याच्या महिन्याला स्वतःचे चार पैसे यावेत, भावापुढेसुद्धा हात पसरायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

"घर सापडलं, दादा," एक दिवस ती म्हणाली. "आणि गंमत ऐक. एजंट म्हणाला, डोळे झाकून घ्या, तुमच्या भावानेच रंगवलंय ते."

तिने पत्ता सांगितला आणि मला तिथली भिंत आठवली.

तीन वर्षांपूर्वी ते काम मला याच एजंटाने दिलं होतं. झोपायच्या खोलीची आतली भिंत ओली होती. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप त्या भिंतीतून उतरतो, तो आत कुठेतरी फुटला होता. खरं काम म्हणजे वरचं बाथरूम उखडायचं, पाइप बदलायचा, स्लॅबच्या गंजलेल्या सळ्या बघायच्या. वरचे लोक दारात उभं करेनात. मालक म्हणाला, "मिस्त्री, दिसायला नको. बाकी तुमचं तुम्ही बघा." मी बघितलं. पाणी अडवणारं रसायन मारलं, दोनदा पुट्टी ओढली, वर ऑइलपेंट दिला. भिंत इतकी गुळगुळीत झाली की मालकाने खूश होऊन ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. मी ते घेतले. माझी निम्मी कामं आजही त्याच एजंटाकडून येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही घर बघायला गेलो. एजंट आधीच किल्ली घेऊन उभा. दोन लहान खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम. छोटीने पर्समधून घडी केलेला कागद काढला. तिने स्वतःच अंदाजपत्रक केलं होतं! ओट्याची फरशी, नळ, बाथरूमचं कुजलेलं दार, दोन खिडक्या, सगळी वायरिंग. दुकानांत फिरून भाव काढले होते. एकूण नव्वद हजार. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "न दिसणाऱ्याचा चौथा हिस्सा: साडेबावीस हजार."

"एक लाख साडेबारा," ती म्हणाली. "घराची किंमत देऊन माझ्याकडे सव्वा लाख उरतात. बसतंय की नाही बरोबर? बघ, तुझीच बहीण आहे."

एकही आकडा चुकला नव्हता. वायरिंगचा भाव तर माझ्यापेक्षा कमी काढला होता पठ्ठीने. माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं.

मी हात मागे बांधून फेरी मारली. भिंत अजून चकचकीत होती. पण पलंगाच्या उंचीवर एका ओळीत खिळ्यांची आठ भोकं होती आणि एका भोकात जाड प्लास्टिकचा तुकडा अडकलेला. कुणा भाडेकरूने अंथरूण ओलं होऊ नये म्हणून भिंतीवर प्लास्टिक ठोकलं होतं. मागचा भाडेकरू वर्षभरही टिकला नाही, हे मला तेव्हा एजंटाने हसत सांगितलं. तो बदलून गेला म्हणे.

जिना उतरलो. छोटी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पाच लाख," मी म्हणालो.

"कशाचे?"

"सगळं जुनं झालंय. हे घर नको घेऊस."

"अहो मिस्त्री," एजंट हसला, "स्वतः रंगवलेलं घर आणि स्वतःच नावं ठेवता?" बोलताना त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी रस्त्याकडे वळलो. चोरी कबूल न करता ती थांबवायची, असा माझा डाव होता. भित्रेपणाच तो, दुसरं काय!

घराकडे जाताना छोटी दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली.

"नव्वदाचे पाच लाख कसे होतात ते मला समजावून सांग."

मी काहीतरी पुटपुटलो. सिमेंट महाग झालंय, मजुरी वाढलीय.

"तुला मी तुझ्या घरातच हवी आहे," ती म्हणाली. "अर्धा चमचा साखर खाणारी. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली तुला बघवत नाही."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण राग यायला थोडं तरी खरं आपल्या बाजूला असावं लागतं. मी मान खाली घातली आणि तिने तेच उत्तर मानलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोने विचारलं, "काय झालंय तुम्हा दोघांना?" मी कानावर हात ठेवले.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता ती इसार द्यायला जाणार होती. एकदा दिला की परत मिळणार नव्हता. ती बाहेर पडली आणि मी चहा तसाच टाकून पिशवी उचलली. पिशवीत हातोडी, छिन्नी आणि रंग खरवडायची पत्री.

मी त्या घरी पोहोचलो तेव्हा पैशांचं पाकीट ओट्यावर होतं आणि एजंट पावती लिहीत होता. मी कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेलो आणि त्या आठ भोकांच्या खाली छिन्नी लावली.

"अहो! वेड लागलं का? नुकसान कोण भरून देणार?"

"मी."

तिसऱ्या घावाला पोपडा सुटला. चौथ्याला हाताएवढं प्लॅस्टर खाली आलं, आणि ते फुटलं नाही, चिखलासारखं फरशीवर बसलं. मागच्या विटा काळ्या पडल्या होत्या. कुबट वास खोलीभर झाला. विटांच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, अगदी सावकाश.

छोटी पुढे आली. तिने भिंतीला तळहात लावला आणि तो साडीला पुसला.

"तुला माहीत होतं?"

"मीच झाकलंय हे. पैसे घेऊन."

एजंट पावतीपुस्तक मिटून म्हणाला, "मिस्त्री, आजपासून तुम्हाला काम बंद." दार आपटून तो जिना उतरला. छोटीने ओट्यावरचं पाकीट पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल. ती त्या आठ भोकांकडे बघत होती. एका भोकातला प्लास्टिकचा तुकडा तिने नखाने ओढून काढला.

"इथे कोण झोपत होतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"अशी किती घरं केलीस, दादा?"

कुठल्याही घराचा आकडा मी एका फेरीत सांगतो. ती तळहातावर तो तुकडा घेऊन उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी मोजायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता तिथेच त्या चिखलाशेजारी खाली बसलो.