मुठीतला राजा

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल रविवारी सकाळी नऊलाच भरला. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले, कट्टे संपले तेव्हा जिन्यात. सगळे बुद्धिबळवाले. पट मांडून समोरासमोर बसणारे नव्हेत. मोबाइलवर, संगणकावर अनोळखी माणसांशी खेळणारे. दाताचा डॉक्टर, बेकरीचा मालक, दोन बँकवाले, शाळकरी मुलं आणि त्यांचे आईबाप. दुखणं सगळ्यांचं एकच होतं. रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, काही केल्या वर सरकत नव्हता.

समोर टेबलामागे खेळाडूची शैली ओळखून सांगणारे शैलीगुरू बसले होते. दाढी नाही, माळ नाही. इस्त्रीचा निळा शर्ट आणि मनगटावर जाडजूड घड्याळ. पुढ्यात फक्त एक सोंगटी, पांढरा लाकडी राजा.

बेकरीवाला पुढे झाला. गुरूंनी राजा त्याच्या हातात दिला.

"मुठीत धरा. आणखी घट्ट. गुदमरला पाहिजे राजा, त्याशिवाय तो बोलत नाही."

मिनिटभर हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू आला नाही. तेवढ्यात नोंदणीवाली ताई ट्रेमधून पाण्याचा पेला ठेवून गेली. गुरूंनी पेला उचलला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि राजा कानाला लावला.

"घोड्यांवर फार जीव तुमचा. पहिल्या दहा खेळ्यांत दोन्ही घोडे नाचवता आणि राजाला ठेवता उघड्यावर. मंगळवारी हरता. दुपारी तर सपाटून हरता."

बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "दुपारी भट्टी थंडावली की खेळायला बसतो हो मी! घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही."

"राजाला ठाऊक आहे," गुरू म्हणाले, आणि टाळ्यांनी हॉल दणाणला.

एरवी या टाळ्यांना सुरुवात करायचा तो मामा. आज तो मागच्या भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याचे हात खिशात होते.

मामा रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हेड टेक्निशियन. आठ महिन्यांपूर्वी त्याचं रेटिंग तीनशेने घसरलं तेव्हा तो इथे आला. गुरूंनी राजा कानाला लावून त्याचा सगळा खेळ धडाधडा सांगितला आणि मामा गार पडला. पुढच्या महिन्यात रेटिंग दीडशेने वाढलं. मामाने चार ओळींचा अभिप्राय लिहून दिला, आणि तो त्याच्या पांढऱ्या कोटातल्या फोटोसकट जिन्यातल्या फलकावर लागला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'विज्ञानाचा माणूस सांगतो!' नोंदणीला आलेला प्रत्येकजण तो फोटो ओलांडूनच वर यायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मामाने मनाला समजावलं असतं. पण त्याने भाचीला आणलं.

ठमी पंधराची. खरं नाव शाळेत, घरी ठमीच. खेळ मामापेक्षा कितीतरी चांगला. तिला निवृत्त झालेले एक भूगोलाचे सर शिकवायचे. सरांचा एकच शिरस्ता होता, हरलेला प्रत्येक डाव वहीत उतरवायचा आणि जिथे चूक झाली तिथे थांबून लिहायचं : तेव्हा काय दिसलं होतं, काय दिसलं नव्हतं. ठमी कंटाळायची, पण लिहायची.

"वह्या भरून कोण मोठं झालंय?" मामा म्हणाला होता. "इथे एका मिनिटात स्वभावच कळतो!"

गुरूंनी राजा कानाला लावला आणि तीस माणसांसमोर सांगितलं, "थरथरतोय राजा. मुलगी भित्री आहे. शैलीच भित्री." उपाय दिला, लाकडी राजा उशाशी ठेवायचा आणि हरलेला डाव पुन्हा कधी उघडायचा नाही. "उघडलात की हार अंगाला चिकटते."

ठमीने सरांकडे जाणं सोडलं. वही बंद झाली. पुढच्या स्पर्धेत ती सातपैकी पाच डाव हरली. जिल्ह्याच्या संघाची निवड स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती आणि तिचा अर्ज कोराच टेबलावर पडून होता.

"मी खेळणं सोडतेय," तिने आईला सांगितलं. मग मामाला विचारलं, "स्वभाव बदलता येतो का रे, मामा?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने ते सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"रोज सकाळी मशिनमध्ये पहिला नमुना कोणता घालतोस?"

"कंट्रोलचा."

"का?"

"त्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. मशिनने तेच दिलं तर मशिन खरं बोलतंय."

"वीस वर्षं घालतोयस. आणि या गुरूत कोणता घातलास?"

मामा खाली मान घालून नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिला.

"नोंदणीच्या वेळी काय काय लिहून घेतात?"

"नाव, मोबाइल, जन्मतारीख, जन्मवेळ." मामा थांबला. "आणि सगळ्यात खाली, ऑनलाइन खेळतो ते नाव. हजेरीसाठी म्हणतात."

"मग किती वेळ बसवतात?"

"तासभर. मन स्थिर व्हायला."

बोलता बोलताच मामाच्या लक्षात आलं. ज्या संकेतस्थळावर तो रोज खेळत होता, तिथे कुणाचंही नाव टाकलं की त्याचे सगळे डाव दिसतात. कोणत्या वारी खेळला, किती वाजता, कशाने हरला. मामाचं नाव टाकलं तर मामाचेही. जुन्या डावांची ती यादी त्याने स्वतः कधी उघडली नव्हती. हरला की लगेच नवा डाव, हीच त्याची वर्षानुवर्षांची सवय. हरलेल्या डावाकडे बघवायचं नाही त्याला, म्हणून दुसरं कुणी बघत असेल हे डोक्यातच आलं नाही.

"नळीवरची चिठ्ठी बदलली की रिपोर्ट कुणाचा येतो?" बाईंनी विचारलं.

"चिठ्ठीवर ज्याचं नाव त्याचा."

"मग बदलू या. मला बुद्धिबळ येत नाही, रविवारी मी जाते. पण त्यांनी न पाहिलेलं एखादं नाव हवं."

"माझ्याकडे आहे एक," मामा म्हणाला आणि जीभ चावली. "कुणाला ठाऊक नाही ते." त्या नावामागे काय होतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही. गुरू घोड्या-उंटांचं काहीतरी बोलतील आणि भागेल, असा त्याचा हिशेब होता.

आणि आज, रविवारी, त्याने ठमीलाही ओढून आणलं. "मी सोडलंय ना? मग कशाला?" असं म्हणत ती आली आणि तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसली.

बेकरीवाल्यानंतर बाईंचा नंबर लागला. त्यांनी राजा मुठीत धरला. ट्रे आला, पेला आला. एक घोट. डोळे मिटले.

"बाई," गुरू हळहळत म्हणाले, "फार चिडका स्वभाव. दहा मिनिटांचे डाव खेळता, दिवसाला सात-सात, आठ-आठ. तेही सकाळी अकरा ते एक." त्यांनी एक डोळा उघडला. "ऐन कामाच्या वेळेत!"

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. मागच्या भिंतीपाशी मामाने डोळे मिटून घेतले.

"आणि बोलू का? राजा सांगायला लाजतोय. हरायला लागलात की तुम्ही हार मानत नाही. डाव तसाच टाकून उठून जाता. समोरचा बिचारा तुमचं घड्याळ संपेपर्यंत ताटकळत बसतो. हे एकदा नाही, शेकडो वेळा."

"शी!" कुणीतरी म्हणालं. ठमीनेच.

"झालं?" बाईंनी राजा टेबलावर ठेवला. "आता माझं ऐका. घोडा कसा चालतो तेही मला माहीत नाही. आयुष्यात मी एकही डाव खेळलेली नाही."

गुरू क्षणभर गडबडले, मग गोड हसले. "पटावर खेळलात की नाही हा प्रश्नच नाही, बाई. राजा आतलं सांगतो. खरं बोला, माणसांना ताटकळत ठेवता की नाही?"

"ठेवतात!" जिन्यातून आवाज आला. "परवा रिपोर्टसाठी दोन तास बसवलं मला!"

हॉल खदखदला. टाळ्याही पडल्या. बाईंनी वळून मागे पाहिलं, मामाकडे. त्यांच्या हातात आता काही उरलं नव्हतं. जे होतं ते मामाच्या हातात होतं, आणि मामा अजून भिंतीलाच टेकून होता. तो गप्प राहिला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. राजा खरा ठरला असता, बाई चिडक्या ठरल्या असत्या, आणि ठमी भित्री.

तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला.

"ते नाव माझं आहे," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "बाईंनी अर्जावर लिहिलेलं ते नाव माझं. 'वादळ'. लपवून ठेवलेलं. अकरा ते एक मी खेळतो, नमुने मशिनमध्ये फिरत असतात तेव्हा. डाव टाकून मीच पळतो."

"अहो, तुम्ही तर फोटोतले!" एक बँकवाला म्हणाला.

"तोच मी. मोबाइल काढा सगळ्यांनी. नाव टाका, बघा. कुणालाही दिसतं. कान लावावा लागत नाही."

माना खाली गेल्या. दाताचा डॉक्टर मोठ्याने मोजायला लागला. "खरंच की! टाकलेला डाव, टाकलेला, हा पण टाकलेला. सतरा, अठरा..."

"दोनशे बारा आहेत," मामा म्हणाला. "मी काल मोजले."

बेकरीवाल्याने स्वतःचं नाव टाकलं आणि एकेक डाव वर सरकवत गेला. "मंगळवार. दुपार. घोडे. सगळं इथेच आहे की हो!" मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो टेबलाशी गेला आणि पाण्याचा पेला उचलला. पेल्याखाली कागदाची चकती होती. त्याने ती वाचून दाखवली : 'वादळ. १० मि. ११ ते १. हरताना पळतो.'

नोंदणीवाली ताई मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावण्याचा आवाज आला.

"श्रद्धा नसेल तिथे राजा..." गुरूंनी सुरुवात केली.

"पण आमचं रेटिंग वाढलं त्याचं काय?" एका आईने मध्येच विचारलं. "माझ्या मुलाचं वाढलंय, शंभराने!"

"माझंही वाढलं होतं," मामा म्हणाला. "आपण इथे कधी येतो? अगदी तळाला गेल्यावर. तिथून काहीही केलं तरी थोडं वर येतंच. शिवाय गुरू सांगतात, दिवसाला तीनच डाव, पोटभर झोप झाल्यावर. हे बरोबरच आहे. पण ते सांगायला लाकडी राजा कशाला?"

"आता बोलताय!" बँकवाला उसळला. "तुमचा कोटातला फोटो बघून आलो आम्ही. तुम्ही सांगितलंत म्हणून!"

"हो," मामा म्हणाला. "माझं चुकलं. मशिन रोज तपासतो मी. यांना तपासलं नाही, कारण हे मला आवडेल तसं बोलले." कुणी टाळी वाजवली नाही. गुरू कधी उठून गेले तेही फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपापल्या स्क्रीनवर स्वतःचे हरलेले डाव पहिल्यांदाच बघत होता.

जाताना बाई म्हणाल्या, "बरं केलंस. सोमवारी अकराला केबिनमध्ये ये."

जिन्यात मामाने फलकावरचा आपला फोटो काढला. चिकटपट्टी निघाली, कोट अर्धा भिंतीवरच राहिला. ठमी खालच्या पायरीवर बसून बघत होती.

"मग मी भित्री आहे हे त्यांना कुठून कळलं?" तिने विचारलं.

मामा तिच्याशेजारी बसला. "तुझे डाव बघितले मी काल. नऊ वेळा तू पुढे असताना बरोबरी घेतलीस."

"म्हणजे खरंच की!"

"नऊ वेळा बरोबरी घेतलीस, हे खरं. भित्री हा त्यांचा शब्द. बरोबरी का घेतलीस ते तुला ठाऊक, त्यांना नाही."

ठमीने बोटांवर मोजलं. "चार वेळा तर वेळच उरला नव्हता," ती म्हणाली. "सुरुवातीलाच फार घालवते मी. बाकीच्या पाच वेळा काय झालं ते बघायला लागेल." मग म्हणाली, "अर्जाची तारीख शुक्रवार आहे. सरांकडे मी एकटी जाणार. तुझं तू नंतर जाऊन सांग."

"सांगतो."

चमत्कार समोर आला की हात जोडण्याआधी एवढंच विचारावं : हे याला आणखी कुठून कळलं असेल? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा एक प्रश्न टाकून पाहावा. आणि 'हे पुन्हा उघडून बघू नका' असं कुणी म्हणालं, तर आधी तेच उघडावं. विज्ञान शिकलेल्या माणसालाही हे आपोआप सुचत नाही. त्याला तर फसल्याचं कबूल करायची लाज जास्त वाटते, आणि तोवर फसवणाऱ्याचं दुकान चालू राहतं.

"आता तुझा एक उघड," ठमी म्हणाली.

"कोणता?"

"पळालेला."

मामाने नको नको म्हणत मोबाइल पुढे केला. तिने सगळ्यात वरचा डाव उघडला. समोरच्याचं प्यादं एका घराने वजीर होणार होतं. मामाने तेव्हा तेवढंच पाहिलं होतं आणि मोबाइल उपडा ठेवला होता. ठमीने बोटाने मामाचा वजीर या घरातून त्या घरात नेला, पुन्हा मागे आणला, पुन्हा नेला.

"मामा, इथून शह. तो हलला की तिथून शह. परत इथून. त्याचा राजा जाणार कुठे? शह संपतच नाहीत, म्हणजे बरोबरी होती ही. तू हरलाच नव्हतास."

मामाने तेच शह स्वतःच्या बोटाने एकदा देऊन पाहिले.

ठमीने पिशवीतून पेन काढलं आणि डाव उतरवायला फाटलेल्या फोटोची कोरी बाजू वर केली. "पुढचा उघड," ती म्हणाली.