मुलींच्या बाकावरची शिक्षा

छडीवर बंदी आली तेव्हा बाकीचे शिक्षक वैतागले, मी नाही. माझ्याकडे छडीपेक्षा भारी शिक्षा होती. गृहपाठ न आणणाऱ्या मुलाला मी पूर्ण तास मुलींच्या बाकावर बसवायची. अख्खा वर्ग खिदळायचा, मुलगा कानापर्यंत लाल व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी वही टेबलावर हजर. माझ्या लहानपणी आमचे गुरुजी हेच करत. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. सडक अर्जुनीहून बदली होऊन मी दवनीवाड्याकडच्या या खेड्यात आले, तेव्हा ही शिक्षाही सोबत आली.

दोन हजार बारा साली नववीत खुमेंद्र बिसेन होता. हडकुळा, हळू बोलणारा, चालताना हात अंगाशी धरणारा. पोरं त्याला 'बायल्या' म्हणत आणि मी ऐकलं न ऐकलं करत असे. शाळा उघडल्यापासून त्याने गणिताची वही एकदाही दाखवली नव्हती. म्हणून आठवड्यातून तीन-चार तास तो मुलींच्या बाकावर, भूमेश्वरीच्या शेजारी. लाज वाटल्याचं चिन्ह नाही. उलट तिथे बसला की फळ्यावरचं गणित सगळ्यांच्या आधी सोडवायचा. मला वाटलं, कार्टं निगरगट्ट आहे.

दिवाळीनंतर मुख्याध्यापक केशोराव सरांनी नववीचे गुण मागवले. खुमेंद्रच्या वहीच्या रकान्यात भोपळा.

"असे पोरं दहावीत गेले का निकाल पडते," सर म्हणाले. "मायले बोलवा आन टी.सी. हाती द्या."

त्याची आई रामबाई धान कापणीतून तशीच आली, विळा पदराखाली धरून. खुमेंद्र दप्तर पोटाशी धरून दाराजवळ उभा.

"तुमचा मुलगा अभ्यास करत नाही," मी म्हणाले.

"असं कसं जी मॅडम? रोज लिवते तो. जेवाले बलावलं तं उठत नाही."

तिने त्याच्या हातातून दप्तर ओढलं आणि टेबलावर रिकामं केलं. गणिताची वही मी स्वतः उघडली. प्रत्येक धडा होता, समास आखलेला, उत्तराखाली दोन रेघा. एकही गणित करायचं राहिलं नव्हतं.

"मग दाखवत का नाहीस?" माझा आवाज चढला.

 आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "सांग ना, काऊन नाही दाखवत?"

"वही दाखवली का पोराईत बसा लागते," तो म्हणाला.

त्याने बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत कर्कटकाच्या टोकाचे ठिपके. काही सुकलेले, काही कालचे.

"ते लोक म्हणते, पॅन्ट काढून दाखव, तू पोरगा आहेस का पोरगी. मले पोरगा असल्यासारखं वाटतच नाही, मॅडम. पण ते मी कोणाले सांगून नाही राहिलो. मी फक्त गणित करून राहिलो."

रामबाई खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली. सरांनी टी.सी.चं पुस्तक हळूच खणात सरकवलं. मला लाज वाटली, अशी की वही मिटायचंही सुचेना. ज्याला मी शिक्षा समजत होते ती त्या लेकराची शाळेतली एकमेव सुरक्षित जागा होती. आणि तिथे पोहोचायला तो रोज शून्य घेत होता.

कर्कटक कोणाचं ते मी त्याच दिवशी शोधून काढलं. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा निघाला, तेव्हा केशोराव सरांनी घसा खाकरला. मी त्याच्या बापाला बोलावलंच. जे बोलायचं ते दार उघडं ठेवून बोलले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की आजपासून हजेरीच्या क्रमाने बसायचं, मुलगा-मुलगी काही नाही. मुलींच्या बाकावर बसवणं ही शिक्षा बंद. कोणी कोणाला कसं चालतो, कसं बोलतो यावरून छळलं तर त्याने माझ्याशी गाठ आहे असं समजावं.

भूमेश्वरी उभी राहिली. "मॅडम, आमच्याजवळ बसनं म्हंजे शिक्षा, असं तुमाले कायले वाटत होतं जी?"

 "चुकलं माझं," मी म्हणाले.

दारात उभे राहून ऐकणारे केशोराव सर कुरकुरले. "गावातले लोक का म्हणतीन?"

"म्हणू द्या. माझ्याकडे पाठवा," मी म्हणाले.

मग मी वह्या मागितल्या. टेबलावर ढीग लागला. खुमेंद्र आता दुसऱ्या बाकावर होता, एका बाजूला भूमेश्वरी, दुसऱ्या बाजूला हजेरीत त्याच्या पुढचा हिमांशू. वही त्याने छातीशी धरली होती. मी त्याच्याजवळ गेले, हात पुढे केला.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "देल्यावर इथून उठा नाही लागन ना?"

"नाही. इथेच बसायचं."

त्याने वही दिली. सव्वीस जूनपासूनची सगळी गणितं होती त्यात. तपासायला मला दोन दिवस लागले.